फाटकावर उड्डाणपूल की भुयारी रस्ता?

टेम्पोवाला: आमच्या भागातल्या रेल्वे फाटकावर काय बांधायचं, यावर मंगळवारी बैठक आहे. मी मार्केट यार्डात गुळाचे रवे पोचवतो. काल फाटकाजवळ इंजिन बंद करून बसलो, शेजारचा दूधवाला कॅनवर बसून डुलकी काढत होता. भुयारी रस्ता स्वस्तात होईल म्हणतात. काय सांगू बैठकीत?

राजारामपुरीकर: भावा, आधी कोल्हापुरात परीख पुलाखाली, रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यावर, पावसाळ्यात येऊन जा. एकदा सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं, गाडी ढकलत घरी नेली. पंप कोण चालवणार, पाणी कुठं सोडणार, हे लिहून घ्या.

निवृत्त ओव्हरसियर: मिरज-कोल्हापूर मार्ग 1891 चा, पण आता वर विजेची तार आहे, 25 हजार व्होल्टची. त्यामुळं पूल रुळापासून साडेसहा मीटरच्या आसपास उंच न्यावा लागतो, त्यात गर्डरची जाडी वेगळी. आठ मीटर चढायचं, तीस मीटरला एक मीटर चढ, म्हणजे एका बाजूला 240 मीटर उतार. तेवढ्या लांबीतली दुकानं पुलाखाली जातात, खरं भांडण तिथं असतं. आणि वाहनांची मोजणी कधी केली ते विचारा. रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, हा आकडा लाखावर गेला की रेल्वे निम्म्या खर्चाला यायची. गळीत हंगामात मोजा म्हणावं.

टेम्पोवाला: दुकानांत आमच्या मेव्हण्याचं पंक्चरचं दुकान पण आलं की वो! आता घरात काय सांगू?