मदत हवी आहे: गॅलरीतली काळी धूळ चुंबकाला चिकटतेय, पालक खावा का?

कुंडीवाली_निमा: गॅलरीत पालक, मेथी लावलीये. सकाळी पुसलेल्या कठड्यावर संध्याकाळी बोट फिरवलं की काळंकुट्ट. लेकाचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवला, तर धूळ केसांसारखी उभी राहिली! गाड्यांच्या ब्रेकमधून धातू उडतात असं वाचलंय. टेस्ट कुठे करतात? लवकर सांगा, सासूबाईंना उद्या पातळ भाजी करायचीये.

शंकासूर: कुठलं शहर? कितवा मजला?

कुंडीवाली_निमा: समोर हायवे आहे. टेस्टचं सांगा ना कुणीतरी.

गॅरेजकाका: ताई, सरळ हायवेवर ब्रेक कोण मारतंय? सिग्नल आहे की उतार?

कुंडीवाली_निमा: पुणे, नवले पुलाकडे येणारा उतार. तिसरा मजला. आता तरी सांगा.

गॅरेजकाका: मग विषयच संपला. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेले ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडतात, सगळा भार ब्रेकवर. लायनर जळाल्याचा वास येतच असेल. त्या भुकटीत लोखंड, तांबं, बेरियम, अँटिमनी सगळं आलं. सिरॅमिक पॅड सक्तीचे करा, धूळ निम्मी.

चिंटूचे_पप्पा: काका, सिरॅमिक म्हणून विकतात त्यातही पुष्कळदा तांब्याचे तंतू असतात. आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना ड्रम ब्रेक, त्यांना पॅड कुठले? उपाय एकच, ईव्ही. मोटरच गाडी आवरते, ब्रेकला काम कमी.

शंकासूर: आणि बॅटरीचं वजन? टायर जास्त झिजतात, त्यात झिंक ऑक्साइड असतं. युरोपने २०२४ साली गाड्यांच्या प्रदूषणाचा नवा नियम, युरो ७, मंजूर केला, त्यात ब्रेकच्या धुळीवर पहिल्यांदाच मर्यादा आली. पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम पीएम १० (म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ), निव्वळ बॅटरीच्या मोटारींना ३. म्हणजे ईव्हीचीही धूळ शून्य धरलेली नाही.

चिंटूचे_पप्पा: निम्म्याहून कमी आहे, ते दिसलं नाही वाटतं.

सिएटलकर: आमच्या वॉशिंग्टन राज्याने ब्रेकमधल्या तांब्याविरुद्ध २०१० मध्येच कायदा केला. पावसाबरोबर ते ओढ्यांत जातं आणि सामन माशांना बाधतं. मग २०२० मध्ये कळलं की कोहो सामन पटापट मरत होते ते टायरमुळे. त्यातल्या ६पीपीडी या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन जे बनतं, ते त्यांना घातक. तेव्हा नुसत्या ब्रेकच्या मागे लागू नका.

कुंडीवाली_निमा: मासे नकोत हो, पालक विचारतेय!

दगडूशेठ_भूगर्भवाले: चुंबकावरून पुण्यात काहीच ठरत नाही. आपला काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतंच. कुठल्याही टेकडीवरच्या वाळलेल्या मातीत चुंबक फिरवा, तशीच दाढी फुटेल. बिल्डिंगखाली ग्राइंडर, वेल्डिंग असं काही?

कुंडीवाली_निमा: खाली ग्रिलवाला आहे, दिवसभर कटिंग चालू. पण तो लहान दुकानदार आहे, त्याचा काय संबंध?

दगडूशेठ_भूगर्भवाले: अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! दगड, ग्रिल, ब्रेक, तिन्हींतून लोखंडच येणार. वेगळं ओळखायचं तर अँटिमनी बघा. आपल्या मातीत ते नगण्य, ब्रेकमध्ये मुद्दाम घालतात. कृषी विज्ञान केंद्रातल्या नेहमीच्या माती परीक्षणात लोह, जस्त, तांबं, मँगनीज कळतं, अँटिमनी नाही. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या खासगी लॅबला फोन करून 'आयसीपी-एमएसवर (अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) अँटिमनी करता का' असं थेट विचारा. रस्त्याकडची आणि मागच्या बाजूची, अशी दोन्हीकडची धूळ द्या, नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही. पालकही धुतलेला आणि न धुतलेला वेगवेगळा द्या, म्हणजे धातू पानावर बसलाय की मुळातून आत गेलाय ते कळेल. तोवर कुंड्या मागे न्या, मातीवर नारळाचा काथ्या पसरा. पुढच्या गॅलरीत पालेभाजीऐवजी टोमॅटो लावा. खरखरीत, पसरट पानावर धूळ धरते, गुळगुळीत फळावरून धुतली जाते.

मावशी_बोरिवली: एअर प्युरिफायर घ्या गं, आमच्याकडे फार फरक पडला.

शंकासूर: उघड्या गॅलरीत?

कुंडीवाली_निमा: आभार, दगडूशेठ. मागे ऊन येत नाही, पण बघते. उद्या मंडईतून पालक आणते.

गॅरेजकाका: मंडईतला कुठल्या रस्त्याच्या कडेला उगवतो ते विचारून आणा.

नवा_ड्रायव्हर: इथेच विचारतो, अलॉय व्हीलवर ब्रेकचे तांबूस डाग पडलेत, शाम्पूने जात नाहीत. काय लावू?

गॅरेजकाका: ॲसिड लावू नकोस. चाक गार होऊ दे, मग बोल.