हद्दीवरचा कॉलम, जोड फुटिंग आणि वरची जाळी

बार्शीकर
मंडळी, घराचं काम काढलंय, जी प्लस टू (तळमजला आणि वर दोन मजले). पूर्वेला शेजाऱ्याची भिंत अगदी हद्दीला चिकटून आहे, त्यामुळे तिकडच्या कॉलमचं फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया) बाहेर काढायला वीतभरही जागा नाही. डिझायनरने तो आणि दहा फुटांवरचा आतला कॉलम मिळून १३ फूट बाय पावणेपाच फूट असं एकच फुटिंग दिलंय. खाली सळयांची जाळी, वरही जाळी. ठेकेदार म्हणतो, "तीस वर्षं फुटिंगं भरतोय, वर जाळी कुणी टाकत नाही. आणि आतल्या कॉलमच्या पुढे अडीच फूट कशाला? एक फूट पुरे." उद्या पीसीसी (फुटिंगखालचा साध्या काँक्रीटचा थर) आहे. काय करू?

ओळंबा
पीसीसी दोन दिवस थांबवा, आभाळ कोसळत नाही.

घरातली प्लास्टिकची फूटपट्टी गादीवर ठेवा. दोन्ही टोकांपासून थोडं आत अंगठ्यांनी दाबा. मधला भाग वर फुगतो की नाही? फुटिंगचंही तेच. कॉलम खाली दाबतात, मुरूम वर ढकलतो. दोन कॉलमच्या मधे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळई वर. ठेकेदाराची तीस वर्षं एकट्या कॉलमच्या फुटिंगची असणार, तिथे त्याचं म्हणणं बरोबर आहे.

त्या अडीच फुटांचा हिशेब सांगतो. हद्दीवरच्या कॉलमवर ३० टन आणि आतल्यावर ४५ टन धरा. एकूण भाराचा मध्य हलक्या कॉलमपासून ६ फुटांवर येतो. कॉलमचा मध्य हद्दीपासून अर्धा फूट आत, म्हणजे साडेसहा. त्याची दुप्पट १३ फूट, तेव्हा कुठे फुटिंगचा मध्य भाराच्या मध्याखाली येतो. दीड फूट कापलात तर आतल्या टोकाखालचा दाब सरासरीच्या साधारण चाळीस टक्के वर जातो, शिवाय क्षेत्रफळही घटतं. मग फुटिंग त्या बाजूला कलणार. तुमचे खरे आकडे डिझायनरकडून घ्या, पण कात्री नको.

(हद्दीवरचाच कॉलम जड असता तर आकार हद्दीकडे रुंद आणि आत निमुळता करावा लागला असता.)

सळईवाला
वरची जाळी टाकाल, पण चेअर (वरची जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळया) मोजून घ्या. आमच्या एका साइटवर बायंडिंग (सळया तारेने बांधणं) झकास होतं, पण काँक्रीट ओतणारे त्यावर नाचले आणि जाळी चार इंच खाली बसली. वर फळ्या टाकून चाला. खाली आणि बाजूंना ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे. वीट-तुकडा चालवून घेऊ नका.

बार्शीकर
पीसीसी थांबवली. ठेकेदाराला घरी बोलावून गादीवर फूटपट्टी दाबायला लावली. दोनदा दाबून पाहिली, उलटी करूनही पाहिली. मग म्हणाला, "बरं, पण वरच्या सळईची मजुरी वेगळी पडंल."