आयजीआयला सेव्ह नव्हता, आमच्याकडे लाईट नव्हती

चोपडेकर

काल ‘आरटीएक्स_बंटी’ने इथे चांगल्या व्हिडिओ गेमची यादी टाकली. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: रेड डेड रिडेम्प्शन २, एल्डन रिंग आणि विचर ३ हे खरे गेम. आयजीआय, व्हाइस सिटी, मोस्ट वॉन्टेड आवडतात ते सगळे ‘आठवणींत लोळणारे काका’. आणि मोबाईलवर खेळणाऱ्याला गेमर म्हणायचंच नाही. खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय. लांबेल, चहा मांडून बसा.

बंटीभाऊ, आयजीआयवर तुमचा राग काय, तर मिशनच्या मधे सेव्ह करता येत नाही. बरोबर. नॉर्वेच्या लोकांनी २००० साली केलेला, शत्रूच्या तळात एकट्याने घुसायचा गेम, चौदा मिशन, आणि मेलात की पहिल्यापासून. अलार्म वाजला की बॅरेकमधून माणसं निघतच राहतात, तेही बरोबर. पण तो आम्ही कुठे खेळलो ते तरी विचारा. चोपड्याला, २००७ मधे. लोडशेडिंगचं वेळापत्रक बाबांनी कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहिलेलं असायचं, पाणी कधी भरायचं आणि दळण कधी टाकायचं त्यासाठी. त्याच कागदावर मी पेन्सिलीने मिशनच्या वेळा लिहायचो. एअरबेसच्या मिशनला मला पाऊण तास लागायचा आणि शाळेतून आल्यावर लाईट जायला उरायची चाळीस मिनिटं. म्हणजे पाच मिनिटं कुठून तरी काढायची. कुठला कॅमेरा सोडून द्यायचा, कुठल्या गार्डला मारायच्या भानगडीत पडायचं नाही, शिडी चढताना मॅप उघडायचा की नाही, हे मी भूगोलाच्या तासाला वहीच्या शेवटच्या पानावर आखायचो. घरात यूपीएस होता. लाईट गेली की तो फक्त ओरडायचा.

ज्या दिवशी ती मिशन झाली त्या दिवशी ‘पूर्ण’ असं आलं आणि मिनिटभरात पंखा थांबला. असला शेवट तुमच्या रेड डेडला लिहिता आला नसता.

एल्डन रिंगही खेळलोय मी, चुलत भावाच्या मशीनवर. म्हणे अवघड. अहो, तो सतत स्वतःच सेव्ह करत असतो! लाईट गेली, आली, गडी परत तिथेच उभा. त्यातली मलेनिया नावाची शत्रू तुम्हाला मारता मारता स्वतःचं रक्त भरून घेते, बाई भयंकर आहे, मान्य. पण एकदा हरवली की हरवली. मोस्ट वॉन्टेड हा गाड्या पळवायचा गेम, त्यात पोलीस मागे असताना सेव्ह नाही. ब्लॅकलिस्टच्या, म्हणजे हरवायच्या रेसरांच्या यादीच्या, पाचव्या नंबरवर होतो, अर्धा तास पळून पळून बाउंटी (पोलिसांना छळून मिळणारे पॉइंट) जमवली आणि गल्लीतली लाईट गेली. ती बाउंटी कोण देणार?

रेड डेड तर मी सोडूनच दिला. आधी बर्फातून घोडा ओढायचा, मग हरणाचं कातडं सोलताना शेवटपर्यंत बघत बसायचं. दिवसभर केळीच्या बागेत राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी परत कामच करायचं का?

आणि मोबाईलवाल्यांबद्दल. माझा धाकटा भाऊ बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, खेळतो. माइकवर ‘झाडना मांगे शे’ म्हटलं की स्क्वॉडमधली पुण्याची पोरं हसतात. ते हसणारे आणि तुम्ही एकाच शाळेतले वाटता.

आरटीएक्स_बंटी

दादा, मी पारोळ्याचा. नोकरीला हिंजवडीत आहे म्हणून पुणेकर करून टाकू नका. यादी गेमची होती, वीजपुरवठ्याची नव्हती. लाईट जायची म्हणून गेम चांगला हे लॉजिक लावलं तर आमच्या गावचा पिठाच्या गिरणीवाला जगातला सर्वांत मोठा गेमर. आयजीआयचे गार्ड बाजूचा माणूस पडला तरी ढिम्म उभे राहतात. त्याला डिझाइन म्हणायचं? आणि ती सीडी आणली कुठून होती? बिल दाखवा.

चोपडेकर

चाळीस रुपयांची सीडी, त्यावर मार्करने लिहिलेलं नाव, तेही चुकीचं. २००७ मधे आमच्या तालुक्यात ओरिजिनल कुठे मिळायची ते सांगा, आज गाडी काढून बिल आणतो.

क्रिकेट०७_अमर

एवढं रामायण झालं आणि क्रिकेट ०७ चं नाव नाही. ईए कंपनीने त्यानंतर क्रिकेटचा गेमच काढला नाही, आणि पोरं आजही त्यात नव्या टीमचे पॅच टाकून खेळतात. सांगा अजून कुठल्या गेमला एवढं आयुष्य आहे.

अमळनेरची_मी

चोपडेकर दादा, तुमची आठवण छान आहे, पण त्यात एक गोष्ट नाही. कॅफे. तुम्ही सगळे काउंटर-स्ट्राइक खेळायला कॅफेत जायचात ना, पंधरा रुपये तास? माझा भाऊ जायचा. मी एकदाच गेले, दहावीचा निकाल बघायला. आत पडदे लावलेले खोके, मालक म्हणाला, “ताई, निकाल पाहा आणि निघा, इथे पोरं बसतात.” घरच्या कॉम्प्युटरवर भावाचा हक्क. व्हाइस सिटी मी त्याच्या पाठीमागे उभं राहून बघितला आहे, त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या मिशनसकट. त्याला ती जमत नव्हती. मला दिली असती तर जमली असती.

२०१८ ला नवऱ्याचा जुना फोन माझ्याकडे आला आणि पबजी टाकला. दोन जीबी रॅम, गवत लोडच व्हायचं नाही, म्हणून गवतात लपलेले आम्हाला आधी दिसायचे. २०२० च्या सप्टेंबरमधे बंदी आली तेव्हा रडले होते, खोटं कशाला सांगू. पुढच्या जुलैत बीजीएमआय आला, २०२२ मधे तोही गायब झाला, २०२३ च्या मे महिन्यात परत आला. दर वेळी आम्ही तिथेच. आज चार बोटांनी खेळते, जायरो (फोन हलवून नेम धरायची सोय) चालू ठेवून. बंटी, तुझ्या यादीतल्या एकाही गेमला मला खुर्ची मिळाली नसती. मला गेमर म्हण नाही तर नको म्हणू. कुकर लावायला उठायच्या आधी एक मॅच होते माझी.

आरटीएक्स_बंटी

ताई, ते तुमच्यासाठी नव्हतं. रस्त्यात चालताना खेळणाऱ्यांसाठी होतं.

अमळनेरची_मी

तसं लिहिलं नव्हतंस.

भुसावळ_जंक्शन

रेड डेडवर बोलतो, कारण चोपडेकरांनी तो अर्ध्यात सोडलाय आणि निकाल पूर्ण दिलाय. (ज्यांचा व्हायचाय त्यांनी इथे थांबा. पण भो, २०१८ चा गेम आहे, आता किती दिवस थांबायचं?)

बर्फ सरल्यावर कॅम्पमधला स्ट्रॉस नावाचा माणूस आर्थरला, म्हणजे आपल्या हिरोला, वसुलीला पाठवतो. स्ट्रॉस म्हणजे सावकार, दुसरं काही नाही. एक गरीब शेतकरी, डाउन्स, खोकतोय, कुंपणाला धरून उभा आहे. आर्थर त्याला मारतो आणि त्याच्या तोंडातलं रक्त आर्थरच्या चेहऱ्यावर उडतं. बटणं तुम्ही दाबता. गेम तेव्हा काहीच बोलत नाही. पुढे कितीतरी तासांनी आर्थर खोकायला लागतो तेव्हा कळतं, टीबी तिथून आला.

माझे आजोबा टीबीने गेले. त्याआधी दोन वर्षं एक माणूस मोटारसायकलवर यायचा, ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा आणि बोलायचा काहीच नाही. आई पाणी द्यायची. आजोबा आत खोकायचे. त्या माणसाचा मी आयुष्यभर राग केला. गेममधे तो माणूस मी होतो. चोपडेकर भाऊ, हा गेम हळू चालतो म्हणूनच ते अंगावर येतं. लाईट गेली म्हणून माझं काही अडलं नाही. आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, तरी लोडशेडिंग आम्हालाही होतंच.

चोपडेकर

हं. हे माहीत नव्हतं. परत टाकून बघतो. दीडशे जीबी उतरवायला केळीचा एक हंगाम जाईल, पण बघतो. कातडं सोलण्याबद्दलचं मत मागे घेत नाही.

कोथरूडचा_कीबोर्ड

मूळ लेखात ‘पुण्याची पोरं हसतात’ असं सहज ठोकून दिलंय, त्यावर. हसण्याचं समर्थन नाही. पण चार जणांचा स्क्वॉड आहे, शत्रू कुठे ते अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे. अनोळखी लोकांबरोबर खेळताना सगळ्यांना कळेल अशी मराठी बोलावी, एवढी अपेक्षा चूक आहे का?

सातपुडा_स्नायपर

‘एसडब्ल्यू दोनशे पंधरा’ कळतं, ‘वन नॉक्ड, वन हिट, पुश पुश’ कळतं, ‘झाडना मांगे शे’ कळत नाही? झाड कळलं ना? मांगे कळलं ना? मग राहिलं काय, ‘शे’? एका अक्षरासाठी मरतोस का भो!

आणि फायदा ऐक. आमचा चौघांचा स्क्वॉड, तीन शिरपूरचे, एक साक्रीचा. गेममधल्या पोचिंकी गावात होतो, माझा माइक चुकून ‘ऑल’वर राहिला. म्हणजे शेजारच्या घरातले शत्रू सगळं ऐकताहेत. मी बोलतोय, “घरमा दोन जन शेतस, तू मांगे जाय.” समोरून एक जण विचारतो, “भाई, ये कौनसी लँग्वेज है?” विचारेपर्यंत आमचा गडी मागून आत होता. पुरा स्क्वॉड साफ. हे प्रमाण मराठीत करून दाखव.

कोथरूडचा_कीबोर्ड

किस्सा भारी आहे. पण तो तुमच्या ओळखीच्या चौघांचा. मी अनोळखी लोकांबद्दल बोलत होतो.

वरणगाव_८८

एक दुरुस्ती. ‘शेतस’, ‘घरमा’ ही अहिराणी. खान्देशी म्हणजे अहिराणी, असं सगळे धरून चालतात. आमच्या भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यात कोणी ‘घरमा’ म्हणत नाही. आमची लेवागणबोली. आणि बहिणाबाई आसोद्याच्या. त्यांच्या ओव्या अहिराणी म्हणून खपवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

सातपुडा_स्नायपर

गेमच्या धाग्यावर बहिणाबाई आणल्या! धुळे-नंदुरबारची माणसं बोलली की दर वेळी तुमच्याकडून कोणीतरी येऊन ‘आमची वेगळी’ सांगतो. पुणेकर हसतो तेव्हा तो ‘शे’ आणि तुमचं ‘माले-तुले’ वेगळं काढून हसत नाही, दोघांवर एकदमच हसतो. तेव्हा तुम्ही कुठे असता?

वरणगाव_८८

तेव्हा मी म्यूट करतो. आणि ‘तुमच्याकडून’ म्हणजे काय? आमच्याकडून फक्त केळी आणि वीज चालते, माणसं नाही चालत?

पीएचडी_चाळीसगाव

दोघेही थांबा. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने खान्देशीला मराठीतून काढून भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं होतं, जनगणनेतही ती वेगळी मोजतात. म्हणजे कोथरूडकरांचा ‘मराठी बोला’ हा आग्रहच मुळात…

सातपुडा_स्नायपर

इंग्रज साहेबाने सांगितलं म्हणजे आता माझ्या मायची भाषा मराठी नाही का? तुमच्या पीएचडीला रामराम.

कोथरूडचा_कीबोर्ड

मी एवढंच म्हणालो होतो की कळेल असं बोला. मला आता सहा लोकांनी तीन भाषांत शिव्या घातल्या आणि त्यातल्या दोन मला कळल्या नाहीत.

वरणगाव_८८

लेवागणबोलीतल्या कळल्या असतील. ती मराठीला जवळची आहे.

क्रिकेट०७_अमर

क्रिकेट ०७ ला कॉमेंट्री इंग्लिश होती, कोणाचं काही अडलं नाही.

अमळनेरची_मी

अमर, तू झोप.

बाकीच्यांना एकच सांगते. माझ्या स्क्वॉडमधे एक मुलगी नांदेडची, एक बेळगावची. मी अहिराणी बोलते, बेळगावची तिचं काय ते बोलते. आठवडाभर कोणाला काही कळलं नाही, रोज पहिल्या पाच मिनिटांत मेलो. आता तिघी ‘मांगे शे’ म्हणतो. बेळगावचीसुद्धा. कोथरूडचं म्हणणं पहिल्या आठवड्यापुरतं बरोबर आहे, बस.

कोथरूडचा_कीबोर्ड

पहिल्या आठवड्यापुरतं का होईना, बरोबर आलो. धन्यवाद ताई.

आरटीएक्स_बंटी

चार दिवस झाले, माझ्या यादीबद्दल आता कोणीच बोलत नाही, त्यामुळे कबुली द्यायला बरी वेळ आहे. रविवारी पारोळ्याला आलो होतो. माळ्यावर चुलत भावाच्या सीड्यांचा डबा सापडला, त्यात आयजीआय. जुना कॉम्प्युटर अजून चालतो, सीपीयूचं झाकण मात्र दोरीने बांधलंय. ट्रेनयार्डची पहिली मिशन झाली. पुढे नऊ वेळा मेलो. गार्ड ढिम्म आहेत या मतावर मी ठाम आहे, फक्त त्यांची गोळी लागते कशी ते कळत नाही. रेड डेड अजूनही पहिलाच. मोबाईलवाली ओळ यादीतून काढली.

दहाव्यांदा शिडीपर्यंत पोचलोय, एस्केप दाबून ठेवलंय. सेव्ह खरंच कुठेच नाही?

सातपुडा_स्नायपर

नही शे भो.