मदत हवी आहे: ही जांभळी प्रवाळ-अळंबी दुर्मीळ जातीची आहे का?

रानवाटा: आंबा घाटाजवळच्या रानात पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेली गर्द जांभळी अळंबी आढळली असून फोटो जोडले आहेत. ही क्लॅव्हेरिया झोलिंगेरी नावाची जांभळी जात आहे किंवा नाही, एवढेच हवे आहे. कृपया लवकर सांगावे, कारण ऊन पडले की तिचा रंग उतरेल.

देवराई: नुसत्या रंगावरून नाव ठरत नाही. ती जमिनीतून उगवली आहे की कुजक्या लाकडावर? फांदी वाकवल्यास मोडते की रबरासारखी वाकते? टोके बोथट आहेत की दातेरी?

आजरेकरीण: आमच्याकडे वारुळावरच्या अळंबीची भाजी करतात, पण ही खाऊ नये. रामारिया फॉर्मोसा या दुसऱ्या प्रवाळ-अळंबीने जुलाब होतात आणि जपान-कोरियात आढळणारी लाल, बोटांसारखी ट्रायकोडर्मा कॉर्नू-डामी तर प्राणघातक आहे.

रानवाटा: खाण्याविषयी मी विचारलेले नाही. अळंबी अंजनीच्या झाडाखाली, जमिनीतून उगवली आहे. उंची बोटभर, टोके बोथट, आणि फांदी जराशी वाकवली तरी कट्कन मोडते.

देवराई: मग क्लॅव्हेरियाची शक्यता वाढली. एक फांदी काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवा. बीजाणूंचा ठसा पिवळट-तपकिरी आला तर ती रामारिया समजावी, पांढरा आला तर तुमचे नाव बरोबर.

सूक्ष्मदर्शक: शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, कारण पांढरा ठसा क्लॅव्हुलिना अमेथिस्टिनाचाही येतो आणि तीही जांभळीच असते. तिच्या बेसिडियमवर, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या सूक्ष्म पेशीवर, दोनच बीजाणू असतात, झोलिंगेरीच्या बेसिडियमवर बहुधा चार. शिवाय रामारिऑप्सिस पुल्केल्ला ही लहानखुरी जांभळी जात वगळायची तर बीजाणू गुळगुळीत आहेत की खरखरीत, हे पाहावेच लागते. पुल्केल्लाचे खरखरीत असतात. फ्रेंच कवकतज्ज्ञ लेव्हेय यांनी १८४६ मध्ये झोलिंगेरी हे नाव जावा बेटावरच्या नमुन्याला दिले होते. तेव्हा आपल्या घाटातल्या अळंबीला ते केवळ फोटोवरून चिकटवणे मला मान्य नाही.

देवराई: सूक्ष्मदर्शक प्रत्येकाच्या घरी नसतो. ठशाने निदान अर्धी नावे तरी गळतात.

आजरेकरीण: जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल, तर वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नये.

रानवाटा: जागा मालकीच्या रानातली आहे आणि मालकांची संमती घेतली आहे. आपोआप गळून पडलेल्या फांदीचा ठसा पांढरा आला. आता कोल्हापुरात बीजाणू तपासून कोण देईल, तेवढे सांगावे.

सूक्ष्मदर्शक: शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारून पाहा. नमुना प्लॅस्टिकमध्ये कुजतो, म्हणून कागदी पाकिटात सुकवून न्यावा, आणि ताज्या अळंबीचा रंग, वास व जवळची झाडे आजच लिहून ठेवावीत.