मदत हवी आहे : जोडीदार बाहेर गेला की जखमी घोडी थयथयाट करते, लवकर सांगा

राजाचा_मालक (मंगळवार, रात्री ११:४२)
नमस्कार मंडळी. घोडी पाच आठवडे झाले बांधून आहे, डॉक्टरांनी अजिबात हलवायची नाही म्हणून सांगितलंय. पण राजा दारातून बाहेर पडला रे पडला की ही जी सुरू होते ती तो परत येईस्तोवर, खिंकाळून खिंकाळून घसा बसतो, गोल गोल फिरते, भिंतीला लाथा, पार घामाने निथळते. काल पट्टी सुटून पायातच अडकली, थोडक्यात वाचलो. रविवारी परत तिथ आहे आणि सुपारी घेतलेली आहे म्हणजे राजाला चार तास पाठवावंच लागणार. काहीतरी जालीम उपाय सांगा. घोड्यातलं कळणाऱ्यांनीच लिहा, कुत्र्यामांजरांचं नको.

खोगीरभरती (रात्री ११:५५)
राजा कोण? मुलगा का? आणि सुपारी कसली घेतलीय, जरा दचकलोच. बांधून आहे म्हणताय आणि गोल फिरतेही म्हणताय, नक्की काय? कुठला पाय, काय झालंय, वय किती, काहीच लिहिलं नाहीत.

राजाचा_मालक (बुधवार, पहाटे ५:३०)
अहो राजा घोडाच आहे, नाचाचा घोडा. परण्याला, वरातीला नेतो, सुपारी म्हणजे बुकिंग. बांधून म्हणजे खोलीत कोंडून, आत मोकळीच आहे. चंद्रा ९ वर्षांची. पुढचा उजवा पाय, गुडघ्याखाली मागच्या बाजूची नस (टेंडन) सुजली, सोनोग्राफी झाली. पायाचं विचारतच नाहीये मी, ते डॉक्टर बघतायत. ओरडणं कसं थांबवायचं तेवढं सांगा.

माऊ_आणि_मी (बुधवार, सकाळी ८:१०)
आमच्या लॅब्रॅडॉरचं डिट्टो असंच व्हायचं! आम्ही ऑफिसला जाताना बाबांचा जुना टीशर्ट त्याच्या गादीवर ठेवायचो आणि रेडिओ चालू. दोन आठवड्यांत फरक. ट्राय करा ना.

खोगीरभरती
ताई, राजा टीशर्ट घालत नसावा.

जुना_मोतद्दार (सकाळी ९:०५)
पुण्याला रेसच्या घोड्यांत ३० वर्षं काढली. एकच सांगतो, शेळी ठेवा. एकटं न राहणाऱ्या घोड्याजवळ शेळी ठेवायची रीत फार जुनी आहे. आमच्याकडे एक तट्टू दिवसभर दारात डोकं हलवत उभं राहायचं, डावीकडे उजवीकडे, घड्याळाच्या लोलकासारखं. शेळी आणली, चौथ्या दिवशी ती शेळी त्याच्या पोटाखाली बसून रवंथ करत होती. पण आधी मध्ये जाळी ठेवून ओळख करून द्या, डायरेक्ट आत सोडली तर शेळीचा जीव जाईल. आणि शेळी रविवारी आणून उपयोग नाही, आजच आणा. राजा असतानाच तिची सवय झाली पाहिजे.

यॉर्कशायरकर (दुपारी १:२०)
मी इथे इंग्लंडमध्ये एका तबेल्यावर शनिवार-रविवार मदतीला जातो. शेळीपेक्षा सोपं म्हणजे आरसा लावा. लिंकनच्या विद्यापीठात यावर अभ्यासही झालेला आहे, आरसा लावल्यावर घोड्यांचं ते डोकं हलवत झुलणं बरंच कमी झालं होतं. काचेचा मात्र अजिबात नको, अॅक्रिलिकचा घ्या आणि कडा भिंतीला घट्ट बसवा.

जुना_मोतद्दार
आरसा? घोडी काय नटून हळदीला निघालीय? आरशाला वास नसतो साहेब. घोडं आधी वासावर ओळखतं.

यॉर्कशायरकर
काका, मी अभ्यासाचं सांगतोय, तुम्ही एका शेळीचं सांगताय. काही घोडे आरशाला बिचकतात हे मान्य, पहिला अर्धा तास उभं राहून बघायचं, कान मागे पाडले तर काढून टाकायचा.

जुना_मोतद्दार
एका शेळीचं नाही, अकरा शेळ्यांचं सांगतोय.

निसर्गप्रेमी_पुणे (दुपारी २:४५)
मुळात मुक्या जनावराला डीजेपुढे नाचवायचंच कशाला? हा प्रश्न कोणीच का विचारत नाही? घोडी बरोबर बोलतेय, आपल्याला ऐकू येत नाही.

राजाचा_मालक
तुम्हाला विचारलंय का? चार महिन्यांच्या तिथींवर वर्षभराचा चारा येतो त्यांचा.

तापीकाठ (दुपारी ३:३०)
भाऊ नस गेलेली घोडी नाचात परत उभी राहत नाही, वर्षभर पोसण्यापेक्षा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आणा, पिल्लावर धरायला गिऱ्हाईक मिळेल. मारवाडी जातीची आहे का? कानाची टोकं जुळतात का? फोटो टाका.

खोगीरभरती
मारवाडीचं सोडा, आपल्या भीमथडीलाही आता स्वतंत्र जात म्हणून नोंदणी मिळालीय. दिसायला साधी, पण डोंगरात टिकणारी जात.

घाटमाथा
माथेरानला विचारा कोणाला तरी, तिथे अजून शेकड्यांनी घोडी आहेत. ई-रिक्षा आल्यापासून त्यांच्या धंद्याचं काय झालं यावर वेगळा धागा काढायला हवा खरं तर.

राजाचा_मालक (संध्याकाळी ६:५०)
कृपया धाग्याचा काश्मीर करू नका, विषय भरकटतोय. चंद्रा विकायची नाही, घरची पैदास आहे, तिची आई पण आमच्याचकडे गेली. झोपेचं इंजेक्शन देतात म्हणे, कोणतं ते नाव सांगा, इथल्या मेडिकलमध्ये मिळतं का?

डॉक्टर_गुरांचे (रात्री ९:१५)
नाव सांगणार नाही, मेडिकलमधून आणून तर मुळीच टोचू नका. गुंगीत घोडं अडखळतं आणि तुमच्या घोडीचा नेमका पायच दुखावलेला आहे. ज्यांनी सोनोग्राफी केली त्यांना फोन करा, रविवारच्या चार तासांपुरतं काय द्यायचं ते वजन बघून तेच ठरवतील. आता मला सांगा : १) चंदी (दाण्याचा खुराक) किती आणि कशाची देता? २) चारा किती वेळा? ३) खोलीत खाली काय आहे? ४) ती नेमकी कधी सुरू होते, राजा दाराबाहेर गेल्यावर की त्याच्या आधीच?

राजाचा_मालक (रात्री ९:४०)
चंदी नेहमीचीच. चारा दोन टायमाला. खाली शहाबादी फरशी. सुरू म्हणजे, आता विचारलंत म्हणून आठवतंय, आधीच होते. सामानाची पत्र्याची पेटी आहे, त्यात घुंगरू, कलगी, झूल सगळं. पेटीची कडी वाजली की हिचे कान उभे, घुंगरू वाजले की फेऱ्या सुरू. राजा तेव्हा तिच्या समोरच असतो.

डॉक्टर_गुरांचे
नेहमीची म्हणजे किती किलो?

राजाचा_मालक
ते नाना बघतात, चुलते माझे. सकाळी विचारून सांगतो.

जुना_मोतद्दार
डॉक्टर मुद्द्यावर आले. चंदी मोजा आधी.

राजाचा_मालक (गुरुवार, सकाळी ७:०५)
वजनकाट्यावर मोजली. हरभरा आणि जव मिळून ४ किलो निघाली. कामावर होती तेव्हा ३ देत होतो. नाना म्हणतात आजारी आहे, अंगात ताकद नको का, म्हणून वाढवली.

डॉक्टर_गुरांचे (सकाळी ७:५०)
घ्या. पाच आठवडे एक पाऊल काम नाही आणि खुराक शर्यतीच्या घोड्याचा. तिने ती ताकद घालवायची कुठे? भिंतीवरच घालवणार. नानांना माझा नमस्कार सांगा आणि चंदी कमी करत आणा, एकदम बंद नको, आठ-दहा दिवसांत उतरवत मूठभरावर आणा, औषध कालवण्यापुरती. त्याऐवजी चारा वाढवा. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर दिवसाला पाच ते सात किलो कोरडा चारा, आणि तो दोन टायमाला नाही, जाळीत भरून दिवसभर थोडा थोडा. घोड्याच्या पोटात आम्ल सारखं सुटत असतं, खाणं असो नसो, रिकाम्या पोटाने अल्सर होतात आणि असं जनावर आणखी चिडकं होतं. शहाबादीवर रबर मॅट आणि वर जाड भुसा टाका, फिरताना घसरली तर डाव्या पायाचंही होईल. सगळा भार तसाही डाव्यावर आहे, त्यालाही आधाराची पट्टी हवी का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि हेही विचारा की आता रोज पाच-दहा मिनिटं हातात धरून चालवायची का. नस भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, तेवढा काळ नुसतं कोंडून कुठलंच घोडं शांत राहणार नाही.

आता पेटी. ती तिच्या कानाआड न्या. राजाला सजवायचं तर घराच्या पलीकडे नेऊन सजवा. उलट सकाळ-दुपार तिच्यासमोर पेटी उघडा, घुंगरू वाजवा आणि पेटी बंद करून निघून जा, राजा तिथेच. दिवसातून दहादा. कडी वाजली म्हणजे राजा जाणार, हे गणित आधी मोडायचं. मग राजाला एक मिनिट बाहेर, परत आत. ती ओरडायच्या आत परत आणायचा. मग दोन मिनिटं, पाच मिनिटं. रविवारपर्यंत चार तासांची सवय होणार नाही, आधीच सांगतो. रविवारपुरतं शेळी, चाऱ्याची जाळी, जवळ ओळखीचा माणूस, आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलं तर औषध.

यॉर्कशायरकर
आणि आरसा.

जुना_मोतद्दार
आणि शेळी. डॉक्टर पण शेळीच म्हणाले.

शुभेच्छुक_९
घोडीला दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या उतरवून टाका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का?

राजाचा_मालक (शुक्रवार, रात्री १०:२०)
झालंय. दृष्टही आईने उतरवली, विचारायलाच नको. शेजारच्या तात्यांची शेळी आणली, जाळीपलीकडे बांधली. चंद्राने आधी फुरफुर केली, मग वास घेतला, मग शेळीने चंद्राच्या जाळीतला कडबा ओढून खायला सुरुवात केली आणि दोघींची त्यावरूनच झटापट. पण त्या नादात राजा बाहेर गेलेला तिला तीन मिनिटं कळलंच नाही. चौथ्या मिनिटाला खिंकाळली, तेवढ्यात आत आणला. कडीचं आज बारा वेळा केलं, शेवटच्या दोन-तीन वेळा कान उभे केले पण खाणं सोडलं नाही. डॉक्टरांचा फोन लागला, रविवारी दुपारी स्वतः येतो म्हणाले. नाना मात्र माझ्याशी बोलत नाहीयेत, चंदीचं माप मी लपवून ठेवलंय म्हणून.

जुना_मोतद्दार
मापावर लक्ष ठेवा. घरातलं म्हातारं माणूस ओंजळीनेही घालतं.

तापीकाठ
फोटो टाका ना भाऊ. कानांचा तरी.