वनस्पतीची नवी जाती मिळाली, पेपर कुठे द्यावा?

प्रश्न : साताऱ्याजवळच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) इरिओकॉलॉनची, म्हणजे आपल्या गेंदाची, वेगळी वाटणारी जाती मिळाली. वर्णन तयार आहे. एका जर्नलचा मेल आलाय, बारा हजार भरा, तीन दिवसांत छापतो. प्रबंधाला चारच महिने उरलेत. देऊ का?

उत्तर : नको गं ताई. तीन दिवसांत तुझं वर्णन तपासणार कोण? माझा एक पेपर असाच छापून आला, पाकळ्यांची मापं चुकलेली. कुणी विचारलंच नाही. नाव नामकरणाच्या नियमात बसलं की तिथेच कायम राहतं, दुसरीकडे पुन्हा नव्याने छापता येत नाही. आजही ते पान उघडलं की जीव तुटतो.

उत्तर : आधी होलोटाइप, म्हणजे ज्यावर जातीचं नाव टिकतं तो मूळ नमुना, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा, क्रमांक पेपरात लिहा. वर्णनाला लॅटिनची गरज नाही, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी निदान (जातीचं वेगळेपण सांगणारा मजकूर) चालतं. पण सर्वांत जवळच्या जातीपेक्षा ही कुठे वेगळी, ते पहिल्या परिच्छेदातच यायला हवं. आणि बियांचे एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो काढलेत का? गेंदात बीजावरणाची नक्षी फार बोलकी असते.

प्रश्नकर्ती : फोटो नाहीत. बिया मात्र कागदी पाकिटात जपून ठेवल्यात, मोहरीहून बारीक. उद्याच सरांशी बोलते.

उत्तर : पाकिटावर तारीख आणि संग्रह क्रमांक आजच पेन्सिलीने लिही. शाई ओलीने पसरते.