अनुभव धागा: पापुआ न्यू गिनीतल्या मिशन ठाण्यावरचं रोजचं काम

परदेशी मिशनवर निघालेल्या फादर-सिस्टरांची आणि पाळकांची तयारी प्रवचन, भाषा, व्हिसा एवढ्यावर आटोपते. तिथं दिवस जातो तो पाणी, इंधन, वजन आणि दमट हवेत. इथं फक्त पापुआ न्यू गिनीबद्दल आणि फक्त कामाचं लिहा: किती, कसं, कुठं फसतं. ‘माणसं फार प्रेमळ’ हे सगळ्यांना मान्य आहे, ते वगळलं तरी चालेल.

डोंगरी भाग, विमानाची खेप

रस्ता नाही, म्हणून मीठसुद्धा विमानाने. मिशन एव्हिएशन फेलोशिप ही ख्रिस्ती विमानसेवा तिथं १९५१पासून उडते आहे. छोट्या विमानात जागेआधी वजन संपतं. माणूसही खांद्यावरच्या बिलुम पिशवीसकट काट्यावर चढतो. धावपट्टी गवताची, चढाची आणि बहुधा एकमार्गी: उतरायचं चढाकडे तोंड करून, उडायचं उताराकडे. उंचीवर हवा विरळ, ऊन तापलं की आणखी विरळ. त्यामुळे जेवढा माल घेऊन विमान उतरलं तेवढा घेऊन उडेलच असं नाही. कॉफीची पोती पाठवताना नेमका इथं हिशेब चुकतो आणि निम्मी पोती पट्टीच्या कडेला भिजत राहतात.

पायलटला रेडिओवर ‘हवा चांगली आहे’ सांगण्यात अर्थ नाही. कोणती खिंड मोकळी आहे, ढग कोणत्या कड्यापर्यंत उतरलेत, रात्री पाऊस किती झाला, पट्टीवर पाणी कुठं साचलंय, टाच दाबली तर किती रुतते, हे सांगा. डुकरं हाकलायला माणूस उभा करा. दुपारी खिंडी ढगांनी भरतात, म्हणून खेप सकाळचीच. पेट्रोल, गॅस, गाडीची बॅटरी, ब्लीच, काड्यापेट्या आधी सांगितल्याशिवाय सामानात घालू नका.

पाणी

१ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ६० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पडला तर ६०० लिटर. गळती-उडती वजा जाता ५०० धरा. ९,००० लिटरची टाकी चौघांना, माणशी रोज २५ लिटरने, ९० दिवस पुरते. धर्मप्रांताची बैठक तुमच्याच ठाण्यावर भरली की हा हिशेब विसरा.

टाकीच्या तोंडाला डासांसाठी जाळी हवीच, पण बारीक जाळी पानांनी बुजते आणि पाणी बाहेरच्या बाहेर वाहून जातं. धो धो पाऊस पडूनही टाकी रिकामी राहण्याचं कारण बहुतेकदा हेच. पन्हळी दर आठवड्याला झाडा. कोरड्या दिवसांनंतरचं पहिलं पाणी सोडून द्या. त्यात पालींची आणि पाखरांची घाण असते. पिण्याचं पाणी खळखळून १ मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं.

सौर वीज

१२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. रोज त्याखाली नेली की लवकर मरते. आकडा चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून, काही तास थांबून घ्या. चार्ज होताना दिसणारे १३.८ खोटा दिलासा देतात. बॅटरीला शिव्या घालण्याआधी पॅनल बघा. वाढलेल्या केळीच्या एका पानाची सावलीही पुरते.

सेपिक नदीकाठ

बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोल-ऑइल मिश्रणाला तिथं ‘झूम’ म्हणतात. ५०:१ म्हणजे २० लिटरला ४०० मिलिलिटर ऑइल. तुमच्या इंजिनाचं प्रमाण पुस्तिकेत बघा. तयार झूम घेणं टाळा. ऑइल कमी असेल तर पिस्टन जाम होतो, जास्त असेल तर प्लग काळे पडतात. ड्रमच्या तळाशी पाणी असतं, म्हणून गाळूनच भरा. सोबत दोन प्लग, प्लगपाना आणि वल्ही. जाताना प्रवाहाबरोबर लागलेल्या इंधनावरून परतीचा अंदाज बांधू नका. पुरात ओंडके अर्धे बुडून वाहतात, तेव्हा अंधारात बोट नको. मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, उद्या सकाळी ठेवली तरी चालते.

मिस्सेचं सामान

ख्रिस्तप्रसादाच्या चकत्या फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांच्याच. रताळं किंवा साबुदाणा नियमाने चालत नाही. द्राक्षारसही द्राक्षांचाच. त्यामुळे दोन्ही बाहेरून मागवावं लागतं. दमट हवेत फोडलेला पुडा आधी मऊ पडतो, मग बुरशी धरतो. एका गावाला लागतील तेवढ्याच चकत्यांचे छोटे पुडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सिलिका जेलची पुडी चकत्यांना न लागेल अशी. अभिषेक झालेल्या चकत्याही मंजुषेत, म्हणजे चर्चमधल्या त्यांच्या पेटीत, मोजक्याच ठेवा आणि लवकर बदला.

दवाखाना

वर पाण्याचं लिहिलंय, पण माणसं आडवी होतात मलेरियाने. इथं मलेरियाचे फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्ही प्रकार आहेत. ताप आला की आधी तपासणी, मग गोळ्या. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचे ३ दिवसांत ६ डोस, तेही स्निग्ध खाण्याबरोबर. नारळाचं दूध चालतं. उपाशीपोटी घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडणाऱ्यांत आमची व्रतस्थ मंडळीच पुढे! व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा उठतो. त्यासाठी प्रायमाक्विन लागतं, पण आधी जी-६-पी-डीची तपासणी करा. ते एन्झाइम कमी असेल तर या औषधाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

लसी २ ते ८ अंशांत. टिटॅनस आणि पेंटाव्हॅलंट गोठली की बाद, म्हणून त्या फ्रीजरच्या कप्प्याला टेकवू नका.

जमीन आणि देणं-घेणं

देशातली बहुतेक जमीन कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. टाकी, कुंपण, स्वयंपाकघर काहीही बांधण्याआधी त्या कुळाच्या वडीलधाऱ्यांशी बोला, तेही चार माणसांसमोर. नारळ-सुपारीसारखं वर्षानुवर्षं टिकणारं झाड लावणं म्हणजे बऱ्याच ठिकाणी जमिनीवर हक्क सांगणं. बाग हौसेची असेल तर भाजी लावा.

उसने पैसे खिशातून देऊ नका. एका वान्टोकला, म्हणजे भाषाबंधूला, दिले की दुसऱ्या कुळाला का नाही, हा प्रश्न रविवारी चर्चच्या दारात उभा राहतो. मागणी समितीकडे पाठवा, आणि वहीत लिहिलेलं सगळ्यांना वाचू द्या.